देह गोठवण्यासाठी दोन एकर बागायत विकावी का?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला, वय ५२, ज्युनिअर कॉलेजात शिक्षक. मेल्यावर देह अमेरिकेतल्या संस्थेत गोठवून ठेवायचा, पुढे विज्ञानाने उठवलं तर उठायचं, असं मनाने घेतलं आहे. फी २८ हजार डॉलर. त्यासाठी तापीकाठची दोन एकर केळीची बागायत विकायला काढावी का? घराच्या कर्जाचे ९ लाख बाकी आहेत, मुलगी नाशिकला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पत्नीला हे पटलेलं नाही.

उत्तर : सर, जमीन विकू नका. हौस ठेवायची असेल तर ठेवा, पण तिचा पैसा दुसरीकडून उभा करा.

आधी फीचं पाहू. तुम्ही सांगता तो आकडा मिशिगनमधल्या क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचा, आजीव सभासदांसाठीचा. डॉलर ९० रुपये धरला तर सव्वापंचवीस लाख होतात. ॲरिझोनातली अल्कोर ही संस्था हीच गोष्ट दोन लाख डॉलरच्या वर करते, म्हणजे दोन कोटींच्या आसपास. एवढा फरक का, हे विचारायलाच हवं. मिशिगनच्या फीत मृत्यूच्या वेळी तुमच्या उशाशी उभं राहणारं पथक नाही आणि देह तिथवर नेण्याचा खर्चही नाही. हृदय थांबल्यावर मिनिटांत थंड करायला सुरुवात व्हावी लागते. मे महिन्यात, ४४ अंशात, चोपड्याहून मुंबईचं विमानतळ गाठायलाच आठ-नऊ तास. त्यात मृत्यूचा दाखला आणि परदेशी नेण्याची कागदपत्रं. हे सगळं वहिनी आणि लेक रडत-रडत करणार, आणि वहिनींना तर ते मुळात मान्यच नाही.

खरा खर्च गोठवण्याचा नाहीच, तो राखण्याचा आहे. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कॅनमध्ये असतात तो आठवा. तिथेही हाच द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. कॅनला वीज लागत नाही, पण नायट्रोजन हळूहळू उडतो आणि कुणीतरी वेळच्या वेळी भरावा लागतो. भरणारा चुकला की कांड्या गेल्या. देहाचंही तेच, फक्त मुदत किती ते कुणालाच ठाऊक नाही. १९६७ साली जेम्स बेडफर्ड या अमेरिकन प्राध्यापकांना मृत्यूनंतर गोठवलं, ते अजून तसेच आहेत. पण कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या दफनभूमीत ठेवलेले देह १९७० च्या दशकात वितळून गेले, कारण नातेवाइकांचे पैसे येणं थांबलं आणि व्यवस्था चालवणाऱ्याच्या हाती काही उरलं नाही. तेव्हापासून शहाण्या संस्था पैसे आधीच एकरकमी घेऊन वेगळ्या निधीत गुंतवतात. तो निधी शे-दोनशे वर्षं महागाईला पुरून उरेल, असं गृहीत धरून तुम्ही सही करणार आहात. माझ्याकडे कुणी दोनशे वर्षांची योजना घेऊन आलं तर मी आधी चहा मागवतो.

आणि उठण्याचं? २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात उंदराचं मूत्रपिंड गोठवून, शंभर दिवसांपर्यंत ठेवून, पुन्हा बसवून चालवून दाखवलं. मोठंच काम. पण ते एक मूत्रपिंड, तेही उंदराचं. असा गोठवलेला माणूस आजवर एकही उठलेला नाही. म्हणून हिशेबात याचा परतावा मी शून्य धरतो.

जमिनीचं म्हणाल तर ती वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर लेक जन्मापासूनची हिस्सेदार आहे. तिच्या संमतीशिवाय जाणता गिऱ्हाईक व्यवहाराला हात लावणार नाही. ५८ ला तुम्ही निवृत्त व्हाल, तेव्हा पगार थांबेल आणि याच बागेच्या पैशाचा आधार राहील. शिवाय आज विकून पैसे परदेशी धाडले तर १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. सव्वापंचवीस लाखांवर तीन लाखांच्या पुढे. रिटर्न भरल्यावर ते मिळतील, पण तोवर अडकले.

परदेशात लोक हे विम्यातून करतात, ती वाट बरी. फक्त साधी टर्म पॉलिसी घेऊ नका. ती सत्तरीला संपली आणि तुम्ही अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेलात तर हाती काहीच नाही. आयुष्यभराचं कवच हवं. रक्कम २५ लाख ठेवूनही चालणार नाही. २००० साली डॉलर ४५ च्या आसपास होता, आज दुप्पट आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत तसंच झालं तर ५० लाख लागतील. नॉमिनी म्हणून संस्थेचं नाव लिहून मोकळं होता येत नाही. असा नॉमिनी फक्त रक्कम स्वीकारतो, हक्क वारसांचा राहतो. म्हणजे शेवटी पैसा पाठवायचा की नाही, हे वहिनी आणि लेकच ठरवणार.

तेव्हा क्रम असा लावा. आधी ९ लाखांचं कर्ज. मग लेकीची उरलेली वर्षं आणि तिला पुढे शिकायचं असेल तर एम.फार्म. त्यानंतर तुम्हा दोघांचा आरोग्य विमा, निवृत्तीच्या आत. यातून हप्ता उरत असेल तरच आजीव विमा घ्या, आणि तोही वहिनींनी मनापासून हो म्हटल्यावर. त्या नाही म्हणाल्या तर पॉलिसी त्यांच्याच नावे राहू द्या. बागेसाठी कुणाचा इसार घेतला असेल तर या आठवड्यातच परत करा.