पंक्चर काढलं, पण तार राहिली

वाचकांचे प्रश्न, सायकलवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी इंदिरानगरला राहते, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. जूनपासून स्कूटर घरी ठेवून सायकलने जाते. जाऊन-येऊन 14 किलोमीटर होतात. पावसाळा बरा गेला, पण दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत सात वेळा पंक्चर! त्यातली पाच मागच्या चाकाची. सकाळी टायर टणक असतो, संध्याकाळी पार्किंगला येते तर बसलेला. पंक्चरवाले म्हणतात ट्यूबच हलकी, म्हणून दोन नव्या घेतल्या. कुणी म्हणतं आत लिक्विड टाका, ऑफिसातले सर म्हणतात भरीव टायर बसवा. भावाने परदेशी टायर शोधून दिला, त्याची किंमत ऐकून आईने कपाळाला हात लावला. सायकल हायब्रिड आहे, टायर 700×35सी. काय घेऊ?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, टायरचं नंतर बघू. त्या सात वेळांत टायरमध्ये काय घुसलं होतं ते कुणी बघितलं का? तुमच्या पत्रात ट्यूबबद्दल सगळं आहे, पण टायर उलटा करून आतून चाचपल्याचं कुठेच नाही.

‘सकाळी टणक, संध्याकाळी बसलेला’ एवढ्यावरूनच मला अर्धं कळलं. खिळा किंवा काचेचा मोठा तुकडा असता तर वाटेतच फुस्स झालं असतं. इतकी सावकाश हवा जाते ती केसाएवढ्या भोकातून, आणि तुमच्या रस्त्यावर तसं भोक पाडणारी वस्तू म्हणजे तार. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात. टायर फुटला की त्या तारांचे तुकडे रस्त्यावर विखुरतात आणि मोठ्या गाड्यांच्या वाऱ्याने कडेला सरकतात. पाथर्डी फाट्याला मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर तुम्ही शहाण्यासारख्या अगदी डाव्या कडेने जात असणार. तिथेच सगळा कचरा साठतो. पुढे एमआयडीसीत भंगाराच्या टेम्पोतून लेथचं टर्निंग, म्हणजे धातूचा धारदार कीस, सांडलेलं असतं, ते वेगळंच. गाड्यांच्या मधोमध चालवा असं मी म्हणत नाही, पण कडेच्या त्या मातकट पट्ट्यापासून हात-दीड हात आत राहा.

पंचवटीत माझ्या मामांचं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकली भाड्याने द्यायचे. मी नववीत असताना एकाच सायकलचं पंक्चर एका आठवड्यात तीनदा काढलं. तिसऱ्यांदा मामा काही बोलले नाहीत. ट्यूब बाजूला ठेवली आणि टायर माझ्या गळ्यात घातला. म्हणाले, “तार सापडली की काढ.” गिऱ्हाइकं येत होती, हसत होती, एकाने तर सत्कार कशाबद्दल म्हणून विचारलं. अर्ध्या तासाने सापडली, अर्ध्या नखाएवढी. बाहेरून दिसत नव्हती, आतून टोक जेमतेम वर आलेलं. तोवर माझी तीन पॅचची मेहनत आणि सोल्युशनची अर्धी ट्यूब वाया गेली होती. तुमच्या सातपैकी तीन-चार पंक्चर ही एकाच तारेची करामत असावी, असा माझा दाट संशय आहे.

म्हणून टायर बसवताना त्याच्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणायचं. ट्यूबला भोक व्हॉल्व्हपासून वीतभरावर सापडलं, तर टायरमध्येही नावापासून वीतभरावर शोधायचं. दोन्ही बाजूंना शोधा, कारण ट्यूब काढताना उलटसुलट होते. बोटाऐवजी कापसाचा बोळा आतून फिरवा, तारेला कापूस अडकतो आणि बोट वाचतं. तार चिमट्याने ओढून काढा.

भोकसुद्धा बघायला शिका. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर तो काट्याचा गुन्हा नाही. हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चावली. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमपट्टी सरकली आहे आणि आऱ्याचं टोक टोचतंय. या दोन्ही दुखण्यांवर कितीही महागडा टायर घ्या, उपयोग नाही.

आता एक शंका. दिवाळीनंतरच हे सुरू झालं म्हणता, तर तुम्ही एखाद्या मोकळ्या प्लॉटमधून शॉर्टकट घेता का? पावसाळ्यात त्या प्लॉटांवर सराट्याची वेल पसरते, पिवळी फुलं येतात, आणि पाऊस सरला की फळं वाळतात. फळाचे पाच तुकडे होतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. इंग्रजीत या वेलीला सरळ ‘पंक्चरची वेल’ म्हणतात. पुढच्या चाकाची ती दोन पंक्चर मी सराट्याच्या खात्यावर मांडतो.

हे झालं की मग टायर. पंक्चररोधक टायरमध्ये मुख्यतः दोन युक्त्या असतात. एक म्हणजे रबराखाली चिवट धाग्यांचा विणलेला पट्टा. तो काच अडवतो, पण बारीक तार विणीतून सुईसारखी निघून जाते. दुसरी युक्ती जाडीची. तुमच्या भावाने शोधला तो बहुतेक श्वाल्बे या जर्मन कंपनीचा मॅरेथॉन प्लस असेल. त्यात वरच्या रबराखाली 5 मिलिमीटर जाडीचा मऊ रबराचा थर असतो. तार किंवा काटा घुसतो, पण ट्यूबपर्यंत त्याची लांबी पुरत नाही. तुमच्या रस्त्याला हीच युक्ती लागू पडते. कॉन्टिनेन्टलचा गेटरस्किनही लोक सुचवतील (नाव ऐकून मला आपला गेटर आठवला, त्याबद्दल खाली आहे), पण तो अरुंद असतो, वेगाने पळवायच्या सायकलींचा. सिंहस्थासाठी निम्मं नाशिक खणलेलं असताना तुमचा 35चा रुंद टायर सोडू नका.

जाड टायरची किंमत दोनदा मोजावी लागते. एकदा पैशात, कारण अशा एकाच्या पैशात साधे पाच-सहा सहज येतात. आणि एकदा वजनात, कारण तो एकटा 900 ग्रॅमच्या आसपास भरतो आणि पेडलला जडपणा कळतो. सात किलोमीटरला तो जडपणा तुम्ही चार दिवसांत विसराल. आईला सांगा, जोडी घ्यायचीच नाही. फक्त मागे एक घ्या. मागच्या चाकावर वजन जास्त असतं, शिवाय पुढचं चाक आडवी पडलेली तार उडवून उभी करतं आणि मागचं तिच्यावर जातं. पुढे आहे तोच चालू द्या.

हा टायर बसवायला ताठ असतो. दुकानातला पोरगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला तर त्याचा हात धरा, नवीन ट्यूब तिथेच चिमटते. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत गेलं की शेवटची वीतभर कड अंगठ्याने चढते.

लिक्विडबद्दल माझं मत वाईट आहे. बारीक भोक ते बुजवतं, खोटं नाही. पण काही महिन्यांत ते सुकतं, आपल्या एप्रिलच्या उन्हात जास्तच लवकर. व्हॉल्व्हमध्ये साचतं, आणि भोक मोठं पडलं की ओल्या चिकट ट्यूबवर पॅच धरत नाही. भरीव टायर तुमच्या सरांना त्यांच्याच सायकलला बसवून घेऊ दे. मुंबई नाक्यापर्यंत जाऊन आले की कंबर त्यांना उत्तर देईल.

हवेचं थोडक्यात. अंगठ्याने दाबून काही कळत नाही. हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घ्या, दर रविवारी भरा. तुमच्या टायरला, तुम्ही साठ किलोच्या आसपास असाल तर, मागे 55 ते 60 पीएसआय आणि पुढे 45 ते 50. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या वर जायचं नाही. पेट्रोल पंपावरची हवा नको, सायकलची ट्यूब तिथे दोन सेकंदांत फुगते आणि तिसऱ्यात फुटते.

आणखी एक. 2015 साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अॅक्रॉस अमेरिका ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून कामावर जाणारी माणसंही माझ्याकडे रेसचे टायर मागतात. अहो, त्या शर्यतीत मागे सुटी चाकं घेऊन गाडी असते. तुमच्या मागे ट्रक आहे.

प्रश्न : आजोबांची काळी सायकल आहे, अजून तिच्यावरून ते भाजी आणतात. टायरवर 28×1½ लिहिलंय. मी ऑनलाइन 28 इंची पंक्चररोधक टायर मागवला, तर तो रिमवर चढेचना. पंक्चरवाल्याने त्यापायी दोन पाने वाकवले.
– एक वाचक, देवळाली गाव

उत्तर : पानेच वाकले, रिम नाही, हे नशीब समजा. टायर परत पाठवा. तुम्ही मागवलेला 28 म्हणजे युरोपातला 28, जो खरं तर 700सी. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, तो वाचायचा. तुमच्या नव्या टायरवर 37-622 असं काहीसं असेल आणि आजोबांच्या टायरचं माप 40-635. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. 13 मिलिमीटरचा फरक पान्याने भरून निघत नाही.

635चा साधा, जाड रबराचा टायर जुन्या सायकल दुकानांत अजून मिळतो, तोच घ्या. आणि आत गेटर टाका. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो : जुना झिजलेला टायर घ्यायचा, त्याच्या दोन्ही तारांच्या कडा कापून टाकायच्या आणि उरलेला पट्टा नव्या टायरच्या आत, ट्यूबभोवती बसवायचा. मामा कापलेल्या कडा पॉलिशपेपरने घासून पातळ करायचे आणि वर पावडर मारायचे, नाहीतर ती कडच ट्यूबला कापते. चाक जड होतं, पण भाजीला जायला घाई कुणाला असते?

त्याआधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच, आतली रबरी नळी कुजली आहे. ती बदलायला दोन मिनिटं लागतात. आणि आजोबांना विचारा, जुना टायर माळ्यावर कुठे टांगून ठेवलाय. असणारच.