घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यातून पंख्याचा आणि लोकलचा आवाज ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कसा काढायचा?

पंख्याचा बराचसा निघेल, लोकलचा पूर्ण नाही निघणार. नॉइज रिडक्शन इफेक्टला एकसारखा चालणारा आवाज लागतो, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीचा नुसत्या पंख्याचा एखाद सेकंद सिलेक्ट करून नॉइज प्रोफाइल, म्हणजे त्या आवाजाचा नमुना, घ्यायचं, मग अख्खा ट्रॅक सिलेक्ट करून परत तोच इफेक्ट लावायचा, आणि रिडक्शन ६ ते ९ डीबीच ठेव, २० च्या पुढे नेलंस की स, श पाण्यातून आल्यासारखे वाटतात आणि आवाजातला जीवच जातो. हे कॉम्प्रेसरच्या (मोठे-लहान आवाज जवळ आणणारा इफेक्ट) आधी कर हां, नंतर केलंस तर मेकअप गेनने (कॉम्प्रेसरनंतर एकूण आवाज वाढवतात त्याने) पंखापण वर आलेला असतो.

लोकलची घरघर खालच्या फ्रिक्वेन्सीत असते, हाय पास फिल्टर (ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचं कापणारा) ८० हर्ट्झला लाव, बरीच कमी होईल. हॉर्न मात्र थेट गळ्याच्याच रेंजमध्ये बसतो, तिथे काही चालत नाही, ती ओळ परत गाऊन श्वासाच्या जागी जोड आणि जोडावर छोटा क्रॉसफेड दे, म्हणजे एक तुकडा विरत जाताना दुसरा हळूच वर येतो. दादर-परळला ट्रॅकला लागून राहत असशील तर शेवटची लोकल गेल्यावरच टेक घे, पंखा बंद करून.