तीन एकर, एक गुडघा आणि नीट

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. कबड्डी खेळताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, चार महिन्यांपूर्वी नागपुरात ऑपरेशन झालं. मांडीमागचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, काढून तिथे बसवला. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे खेळाडूंना गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनची पट्टी बसवतात, तीच पक्की. म्हणून पोरीनं बाहेर शिकून सर्जनच व्हावं, असं मी ठरवलं. नीट नाही निघाली तर तीन एकर विकून परदेशी पाठवतो. सध्या कोचिंगच्या होस्टेलला ठेवली आहे, वेळ जातो म्हणून फिजिओथेरपी बंद केली. कोणता देश बरा?
– एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

भाऊ, देशाचं मागून बघू. आधी फिजिओथेरपी सुरू करा, याच आठवड्यात. बसवलेला टेंडन हाडात धरायला आणि मांडीत ताकद परत यायला महिने लागतात. मैदानावर जायला साधारण नऊ महिने तरी थांबवतात. तुम्ही ऑपरेशनला पैसा लावला आणि चौथ्याच महिन्यात पोरीला दिवसभर बाकावर नेऊन बसवलं. घाम गाळून पेरलं आणि डवरणीच्या वेळी वावर सोडून दिलं, असं झालं हे.

आता भाच्याचं. अमेरिकेत तरुण खेळाडूंसाठी अनेक सर्जन वाटीखालची पट्टी घेतात, हे खरं. पण मृत दात्याचे टेंडनही तिथेच भरपूर वापरतात, कारण टिश्यू बँका हाताशी आहेत. जपानमध्ये एकाऐवजी दोन पदर बसवण्याची पद्धत रुजली, फ्रान्समधल्या लियाँकडे ऑपरेशनातच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जादा आधार देण्याची परंपरा जुनी. आपल्याकडे घोट्याजवळचा टेंडन घेणारेही सर्जन आहेत. नॉर्वेनं २००४मध्ये अशा ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. मांडीमागचा टेंडन बसवलेल्यांना दुसऱ्यांदा ऑपरेशन थोडं जास्त लागतं, असं नोंदींत दिसल्यावर तिथले सर्जन पुन्हा वाटीखालच्या पट्टीकडे वळले. म्हणजे भाचा अगदीच चुकला नाही. पण ती पट्टी काढली की गुडघा टेकताना दुखण्याची तक्रार जास्त, आणि ज्या घरात जेवण, पूजा, निंदण सगळं जमिनीवर, तिथे सर्जनला याचाही विचार करावा लागतो. मांडीमागचा टेंडन जगभर वापरतात. तो मागासलेला इलाज नाही. तोच का निवडला, हे ऑपरेशन करणाऱ्याला विचारा. भाच्याला कशाला?

परदेशी एमबीबीएसलाही नीट पात्र व्हावंच लागतं. परत आल्यावर परीक्षा वेगळी, आणि गुडघ्याचा सर्जन व्हायला त्यानंतर अस्थिरोगाची तीन वर्षं. तेव्हा ‘नीट नाही निघाली तर परदेश’ हा हिशेबच कच्चा आहे.

मला खरी काळजी वेगळीच आहे. पत्रात भाचा काय म्हणतो ते आहे, तुम्ही काय ठरवलं ते आहे. पोरगी काय म्हणते, याची एक ओळ नाही. चार महिन्यांत तिचा खेळ गेला, घर सुटलं आणि व्यायामही तुम्ही बंद केला. तिच्या दुखापतीचा तुम्हाला झालेला त्रास तिनं सर्जन होऊन भरून द्यायचा, ही कुठली रीत? कदाचित तिला डॉक्टर व्हायचंही असेल. कदाचित फिजिओथेरपिस्ट व्हायचं असेल. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ती पदवी आहे, प्रवेश नीटच्याच गुणांवर. कदाचित बीपीएड करून शाळेत पोरींना कबड्डी शिकवायची असेल. येत्या रविवारी होस्टेलवर जा, तिला घरी आणा, आणि वडीलधाऱ्यांची बैठक न भरवता एकटीला विचारा.

जमिनीचा इसार अजून घेतला नसेल तर घेऊ नका.