पावसाळ्यात बेडरूमसाठी छोटा पेल्टियर डिह्युमिडिफायर पुरतो का, की कॉम्प्रेसरचाच घ्यावा?

तुम्ही लिहिलंय: रत्नागिरी, १० बाय १२ ची बेडरूम, कपाटातल्या साड्यांवर आणि चामड्याच्या पर्सवर पांढरी बुरशी. मनात तीन हजारांचा ‘मिनी’ आहे, म्हणजे हवेतलं पाणी ओढून डब्यात जमवणारं पेल्टियरचं छोटं यंत्र, दुकानदार मात्र पंधरा-सोळा हजारांचा कॉम्प्रेसरवाला पुढे करतोय. तो लुटतोय का?

नाही. या वेळी तरी नाही. पैसे जातात ते तीन हजारांच्या डब्यात, आणि ते गेलेत हे पावसाळा संपेपर्यंत कळतही नाही. कारण डब्यात रोज सकाळी थोडं पाणी दिसतं आणि माणूस खूश होतो.

ते पाणी किती, हाच खरा मुद्दा. तुमच्या खोलीचाच हिशेब करू. १० बाय १२ आणि साडेनऊ फूट उंची म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर दर घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. ५५ टक्क्यांवर आणायचं तर ते १५ ग्रॅम व्हायला हवं. फरक ८ ग्रॅमचा, म्हणजे खोलीभर जेमतेम २६० ग्रॅम. एक ग्लासभर पाणी! इथेच लोक फसतात. ‘डब्यावर दिवसाला ३०० मिली लिहिलंय, म्हणजे एका दिवसात काम झालं.’

पण खोली म्हणजे झाकण लावलेली बरणी नव्हे. खिडक्या-दारं नीट बंद असली तरी फटींमधून दर दोन तासांनी खोलीतली सगळी हवा एकदा बदलते असं धरा. म्हणजे तासाला १६ घनमीटर ओली हवा आत, दर घनमीटरमागे ८ ग्रॅम जादा पाणी. तासाला १३० ग्रॅम, दिवसाला तीन लिटरच्या वर. झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम बाष्प सोडतो. दोघं आठ तास झोपलात की ६४० ग्रॅम. त्या आठ तासांत ३०० मिलीवाला डबा १०० मिली ओढणार. म्हणजे तुमच्या दोघांच्या श्वासालाच तो पुरा पडत नाही, बाहेरचा पाऊस तर सोडाच.

तो एवढं कमी का ओढतो, ते उघडून पाहिलं की समजतं. दुरुस्तीला आलेल्या अशा डब्याचे चार स्क्रू काढले की आत ४ सेंटिमीटरची एक चौकोनी सिरॅमिकची चकती दिसते. ती पेल्टियर चिप. वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम. गार बाजूला काडेपेटीएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा, गरम बाजूला पंखा आणि मोठी जाळी. बस, यंत्र संपलं. अडॅप्टर १२ व्होल्ट ३ अँपिअरचा, म्हणजे ३६ वॉट. यातून चिप फार तर १८ वॉटची उष्णता इकडून तिकडे नेते. एक लिटर बाष्पाचं पाणी करायला विजेच्या सुमारे ०.६८ युनिटइतकी उष्णता काढावी लागते. १८ वॉटने २४ तासांत ०.४३ युनिट होतं. म्हणजे सगळी ताकद पाण्यावर खर्ची पडली तरी ६०० मिलीच्या आसपास. त्यातली निम्मी नुसती हवा गार करण्यात जाते. उरले ३००. हा कंपनीचा आळस नाही, त्या चिपची अडचण आहे. कोणत्याही ब्रँडचा घ्या, फरक पडणार नाही.

आणि तेही ३० अंश, ८० टक्क्यांवर. खोली जरा कोरडी होऊन ६५ टक्क्यांवर आली की दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब होतात तो, खाली जातो, ठोकळा तेवढा गार होत नाही आणि पाणी जवळपास थांबतं. म्हणजे जिथून खरी गरज सुरू होते तिथे डबा हात वर करतो.

‘पण वीज कमी खातो ना?’ दिवसाला कमी, लिटरला कितीतरी जास्त. पेल्टियरला एका लिटरमागे जवळपास ३ युनिट लागतात. कॉम्प्रेसरला तुमच्या हवेत पाऊण युनिट धरा. रोज चार लिटर काढायचे तर ३ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ३० रुपये. कपाटातली एक पैठणी गेली तर किती गेले, तो हिशेब तुम्हीच करा.

आता खिडकी. तुमच्या प्रश्नाखाली आधीच दोघांनी लिहिलंय, ‘यंत्रबिंत्र सोडा, खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहू द्या.’ हा वाद माझा जुना आहे. समोरची माणसं बदलतात, वाक्य तेच राहतं. जुलैत कोकणात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. ती हवा खेळो नाहीतर नाचो, ओलीच राहणार. खिडकी उघडून तासाला पाच वेळा हवा बदलली, आणि वाऱ्याच्या दिवशी पाच म्हणजे काहीच नाही, तर तासाला सव्वा लिटरच्या वर जादा पाणी आत येतं. दिवसाला तीस लिटर. एवढं ओढणारं यंत्र घरात ठेवायला जागा नाही. तळमजल्याची लादी जूनमध्ये ओली होते, तिला ‘खालून पाणी येतंय’ म्हणतात. बऱ्याचदा ते खालून येत नाही, उघड्या दारातून येऊन गार लादीवर बसतं.

‘आजीच्या घरी कुठे यंत्र होतं?’ नव्हतं, पण चूल होती. दिवसभर पेटलेली. तीच हवा २८ वरून ३३ अंशांवर नेली की पाण्याचा एक थेंबही न काढता आर्द्रता ८५ वरून ६५ टक्क्यांवर येते. म्हणून बियाणं आणि सुकी मासळी चुलीवरच्या माळ्यावर टिकायची. वर कौलं, धूर निघून जायचा. आजीचं बरोबर होतं, पण ते चुलीमुळे, खिडकीमुळे नव्हे. तुमच्या वर काँक्रीटचा स्लॅब आहे आणि चूल नाही. उपाय अर्धाच उचलला तर फळ कुठून मिळणार?

खिडक्या उघडायच्या त्या ऑक्टोबरात, दुपारी, बाहेरची हवा खरोखर कोरडी झाल्यावर. आणि स्वयंपाक किंवा आंघोळ चालू असताना त्या खोलीचा एक्झॉस्ट लावून. बस.

खरेदीकडे येतो. पेटीवर ‘२२०० घनफूट खोलीसाठी’ असं काही छापलेलं असतं, ते वाचूच नका. ‘७५० मिली’ हे टाकीचं माप असतं की दिवसाला ओढण्याचं, ते बघा. बहुतेक वेळा टाकीचं. साधी खूण: १२ व्होल्टचा काळा अडॅप्टर असेल किंवा वजन तीन किलोच्या आत असेल, तर आत कॉम्प्रेसर नाही, विक्रेता काहीही म्हणो. कॉम्प्रेसरवालं यंत्र दहा-बारा किलोचं असतं, खाली चाकं असतात आणि थेट तीन पिनांचा प्लग असतो.

कॉम्प्रेसरच्या पेटीवरचे दिवसाला ‘१२ लिटर’ही ३० अंश आणि ८० टक्क्यांचे. चांगल्या कंपन्या २७ अंश, ६० टक्क्यांचा आकडाही देतात, तो साधारण निम्मा असतो. तुमची गरज फटींचे तीन आणि माणसांचा पाऊण, म्हणजे चारच्या आत-बाहेर. निम्म्याने सहा लिटर देणारं यंत्र पुरतं, म्हणून १२ लिटरचं सांगतोय. खोलीत कपडेही वाळवणार असाल तर १६ ते २०. मशीनमधून पिळून आलेल्या सहा किलो कपड्यांत तीन लिटर पाणी सहज असतं. दार बंद, पंखा चालू आणि यंत्र कपड्यांपासून हातभर लांब ठेवलं तर दिवसभरात वाळतात, आणि कुबट वासही येत नाही.

कंपनीचं नाव विचारलंत, ते सांगत नाही. दरवर्षी तेच यंत्र वेगळ्या स्टिकरखाली येतं. तुमच्या गावात ज्याचा दुरुस्तीवाला आहे तो ब्रँड घ्या. आणि दुकानात एक गोष्ट तपासा: चालू यंत्राचा प्लग काढून पाच मिनिटांनी परत लावा. आपोआप सुरू झालं तरच घ्या. टच बटणांची काही यंत्रं वीज गेली की बंद पडून राहतात, आणि पावसाळ्यात कोकणात वीज कितीदा जाते ते तुम्हाला मी काय सांगणार. वीज आल्यावर कॉम्प्रेसर तीन मिनिटं थांबूनच चालू होतो, ते बिघाड नाही.

घरी आणताना आडवं झोपवून आणलं असेल तर प्लग लावायच्या आधी दिवसभर उभं ठेवा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत उतरू द्यायचं. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. सेटिंग ५५, फार तर ६०. ‘अजून कोरडं करू’ म्हणून ४० वर लावलंत तर यंत्र थांबणारच नाही, आणि कधी काळी थांबलंच तर सागवानी दारं तडकतील. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. पाण्याची नळी बाथरूममध्ये सोडलीत तर उतार सलग हवा. तिचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवू नका, हवा अडकून पाणी उलट टाकीत येतं. नळीत शेवाळाचा चिकट थर धरतो, महिन्याला एकदा कोमट पाण्याने साफ करा. टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते डिस्टिल्ड वॉटर नव्हे, कॉइलवरची, म्हणजे आतल्या गार नळ्यांवरची, धूळ आणि धातूचे कण त्यात असतात. लादी पुसा त्याने.

पाणी कमी यायला लागलं तर आधी फिल्टर बघा. तो स्वच्छ आहे, पंखा फिरतोय, खोलीही गरम आहे, आणि कॉइलच्या फक्त पहिल्या दोन-तीन ओळींवर बर्फ, बाकी कोरडं, असं दिसलं तर गॅस गळतोय. खारी हवा तांब्याच्या नळ्या खाते. गळती शोधून बुजवल्याशिवाय नुसता गॅस भरून देणाऱ्याला पैसे देऊ नका, पुढच्या पावसाळ्यात तो परत येईल. नव्या यंत्रांत बऱ्याचदा आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन, पेट घेणारा. तिथे घरगुती प्रयोग नकोत.

यंत्र घ्यायच्या आधी दीड-दोनशेचा आर्द्रतामापक घ्या, आणि त्याची परीक्षाही घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून बारा तास ठेवा. आत ७५ टक्के व्हायला हवेत. मापक ८० दाखवत असेल तर पुढे कायम ५ वजा करून वाचा. यंत्राच्या स्वतःच्या आकड्यावर विसंबू नका, तो यंत्राच्या पोटातली हवा मोजतो.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. एक, भिंतीलाच ओल असेल तर हे सगळं फुकट. दीड फुटाचं प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा, दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय: गच्ची, बाथरूम, पाइप. तिथे गवंडी लागेल, यंत्र नाही. बाहेरच्या बाजूला आले तर हवेतलं, मग यंत्र. दोन, कॉम्प्रेसर खोली दोन-तीन अंशांनी तापवतो, कारण वीज आणि बाष्पातली उष्णता दोन्ही खोलीतच राहतात. आवाजही फ्रिजपेक्षा जास्त असतो. म्हणून तो दिवसा खोली बंद करून चालवा, झोपताना बंद करा. रात्री दार-खिडकी थोडी उघडी लागली तर लागू दे, कोंडून झोपू नका. तीन, महाबळेश्वरला किंवा लंडनला कुणी हे वाचत असेल तर माझं उत्तर त्यांच्यासाठी नाही. खोली १५ अंशांखाली गेली की कॉम्प्रेसरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवण्यातच वेळ जातो. तिथे डेसिकंट, म्हणजे फिरत्या चाकावर झिओलाइट (ओल शोषणारं खनिज) असलेलं यंत्र घ्या. लिटरमागे दीड-दोन युनिट खातं, पण थंडीत चालतं आणि खोलीही उबदार ठेवतं.

आणि हो, पेल्टियर अगदीच टाकाऊ नाही. कॅमेऱ्याच्या लेन्सची घट्ट बंद होणारी पेटी असेल तर त्यात तो झकास चालतो, कारण तिथे फटी नाहीत. साड्यांच्या कपाटात मात्र दाराला बोटभर फट असतेच.

त्या साड्यांचं आधी करा, यंत्र येईपर्यंत थांबू नका. डिह्युमिडिफायर बुरशी मारत नाही, ती नुसती झोपते. साड्या घराबाहेर मऊ ब्रशने झटका, नाकाला फडकं बांधून. पर्सवर स्पिरिटचा किंचित ओला बोळा फिरवा, आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघून. कपाट रिकामं करून आतून कोरडं पुसा आणि बाहेरच्या भिंतीपासून तीन बोटं पुढे ओढा. यंत्र लागल्यावर पहिले चार दिवस कपाटाची दारं सताड उघडी ठेवा. प्लायवुड आणि कापड आतलं पाणी सावकाश सोडतात, म्हणून त्या दिवसांत टाकी दिवसातून दोनदा भरली तर घाबरू नका.