कॅमचं टायमिंग: नुसत्या खुणांवर जाऊ नका

इंजिनाच्या टायमिंग बेल्टच्या खुणा जुळल्या म्हणजे कॅमचं टायमिंग (व्हॉल्व उघडण्या-मिटण्याची वेळ) बसलं असं धरू नका. हेड घासून घेतलं असेल तर ओव्हरहेड कॅम (हेडमध्ये बसवलेला, व्हॉल्व उघडणारा दांडा) खाली येतो आणि टायमिंग थोडं मागे पडतं.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून मॅग्नेटच्या स्टँडसकट डायल गेज (बारीक हालचाल मापणारं काट्याचं यंत्र) आणा. क्रँकला 360 अंशांची चकती पक्की बसवा, तारेचा काटा करा. आधी खरं टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, शोधा. पिस्टन वर आला की क्रँकच्या काही अंशांत तो हलल्यासारखा दिसतच नाही, म्हणून डोळ्यांवर भरवसा नको. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा खिळा) लावा, क्रँक हाताने दोन्ही बाजूंनी अलगद टेकवा. एकीकडे 34, दुसरीकडे 38 आलं? काटा 2 अंश सरकवा, दोन्हीकडे 36 दिसलं पाहिजे.

आता स्टॉप काढा, विसरू नका! गेज इनटेक बकेटवर (इनटेक व्हॉल्ववरच्या टोपीवर), व्हॉल्वच्या रेषेतच धरा. कमाल लिफ्टच्या (व्हॉल्व सगळ्यात जास्त उघडतो त्या जागेच्या) आधी आणि नंतर 1.27 मिमी खाली असताना अंश टिपा. टीडीसीनंतर 70 आणि 146 आले तर मध्य 108. तो कॅम कार्डाशी (कॅमसोबत येणाऱ्या मापांच्या कागदाशी) ताडा. ही मापं घेताना क्रँक इंजिनाच्या दिशेनेच फिरवा. पुढे गेलात तर पाव फेरा मागे घेऊन परत या, नाहीतर बेल्टची ढील मापात शिरते. 20 दातांच्या क्रँक पुलीवर बेल्ट एक दात चुकला म्हणजे क्रँकचे 18 अंश.

पाना मध्येच अडला तर जोर नको, व्हॉल्व पिस्टनला टेकलेला असू शकतो.

पावसाळ्यात काम अर्धवट ठेवताना कॅमच्या लोबना (उंचवट्यांना) असेंब्ली ल्यूब (जोडणीच्या वेळी लावायचं घट्ट वंगण) लावून झाका. मुंबईच्या दमट हवेत गंज लवकर धरतो.