इओसिनोफिलचा आकडा आणि छातीतली धास्ती

‘रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढले आहेत, म्हणजे माझी फुप्फुसे निकामी होत चालली आहेत का?’ दमा असलेल्यांकडून, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या घरच्यांकडून, हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. इओसिनोफिल म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आणि रिपोर्टमधला आकडा म्हणजे रक्ताच्या एका मायक्रोलिटरमधली त्यांची संख्या.

छातीविकारतज्ज्ञांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलेल्या एक बाई बँकेत अधिकारी होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लहानपणापासूनचा दमा, आणि दर थोड्या दिवसांनी स्वतःहून रक्त तपासून घेण्याची सवय. पहिल्याच भेटीत त्यांनी एक वही पुढे सरकवली. तारीख, त्यापुढे आकडा, आणि आकडा ५०० च्या वर गेला की लाल शाई.

‘या ६४० च्या दिवशी तब्येत कशी होती?’ मी विचारले.

‘तशी बरी होते. रिपोर्ट आला आणि रात्रभर डोळा लागला नाही.’

‘आणि हा ९०?’

‘तो सगळ्यांत चांगला, मॅडम. त्या आनंदात मी रोजचा स्टिरॉइडचा पंप, म्हणजे इन्हेलर, बंद केला होता.’

‘त्याच्या आधीच्या आठवड्यात काय झाले होते?’

त्या वहीकडे बघत राहिल्या. ‘मोठा अटॅक आला होता. डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या.’

मी त्यांना आणखी एक रकाना आखायला सांगितले: अटॅक कधी आला आणि गोळ्या कधी घेतल्या. पुढच्या भेटीत त्या वही उघडण्याआधीच म्हणाल्या, ‘कमी आलेला प्रत्येक आकडा गोळ्यांनंतरचा आहे. आणि दर वेळी मी त्यानंतर पंप सोडला आहे.’ स्टिरॉइडच्या गोळ्या रक्तातले इओसिनोफिल काही तासांतच खाली आणतात आणि गोळ्या थांबल्या की ते पुन्हा वाढू शकतात, हे डॉक्टरांनी त्यांना पूर्वी सांगितले होतेच. परंतु सांगितलेले कळणे आणि स्वतःच्या अक्षरात दिसणे यांत फार अंतर असते. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे: प्रसंगापेक्षा त्याबद्दल आपण मनात म्हणतो ते वाक्य आपल्याला अस्वस्थ करते, असे ती सांगते. ६४० या आकड्याने त्यांची झोप उडवली नव्हती, ‘आकडा खाली आलाच पाहिजे, नाहीतर मी संपले’ या त्यांच्या मनातल्या वाक्याने ती उडवली होती, आणि तेच वाक्य ९० च्या दिवशी उलटे होऊन त्यांना पंपापासून दूर नेत होते. तो रकाना नेमक्या वेळी सुचला, याचे मला आजही समाधान आहे.

याचा अर्थ आकडा निरर्थक आहे असे मुळीच नाही. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अनेकांच्या दम्यात श्वासनलिकांची सूज वाढवतात. दमा असताना हा आकडा सातत्याने जास्त राहिला तर अटॅकची शक्यता वाढते, आणि तीव्र दम्यासाठी महागडी इंजेक्शने निवडताना डॉक्टर १५० किंवा ३०० ची पातळी पाहतात. मात्र हाच आकडा सकाळी एक आणि रात्री दुसरा असू शकतो. जंतामुळे वाढतो, ॲलर्जीच्या सर्दीने वाढतो, गडचिरोली-चंद्रपूरकडे हत्तीरोगाचाही विचार करावा लागतो. फुप्फुसांची क्षमता किती आहे, हे तो सांगत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची श्वासाची तपासणी, आहे, आणि घरच्या घरी पीक फ्लो मीटरमध्ये जोरात फुंकून रोजची नोंद ठेवता येते.

म्हणून मी त्यांना लाल शाई सोडून चार प्रश्न लिहायला सांगितले. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा त्रास झाला का, रात्री दम्याने जाग आली का, तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला का, आणि दम्यामुळे एखादे काम टाळावे लागले का? डॉक्टर नियंत्रण पाहतात ते याच प्रश्नांवरून. पंपाच्या एका मात्रेतले स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असते, तर अटॅकच्या वेळची गोळी मिलिग्रॅममध्ये. ‘स्टिरॉइड नको’ म्हणून रोजचा पंप टाळणाऱ्या माणसावर शेवटी अटॅकच्या दिवसांत कित्येक पट मोठी मात्रा घेण्याची पाळी येऊ शकते, हे गणित बँकेतल्या बाईंना लगेच पटले.

त्यांनी रक्ततपासणी आता डॉक्टर सांगतील तेव्हाच करायचे ठरवले आहे. आकडा वारंवार १५०० च्या वर येत असेल, तर मात्र समुपदेशकाकडे येण्याआधी छातीविकारतज्ज्ञांकडे जावे. त्याची कारणे वेगळी शोधावी लागतात.