उंचावर असतानाच शेत निवडा
तुम्ही ठाण्याहून हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेले विमान, उडवायला शिकायला जाणार आहात, म्हणून धावपट्टीबाहेर उतरण्याविषयी आताच लिहितो. असे उतरताना होणारे अपघात बहुधा उशिरा घेतलेल्या निर्णयामुळे होतात. जमिनीपासून २,००० फुटांवर उतरण्याजोगा परिसर, १,५०० फुटांवर नेमके शेत आणि १,००० फुटांवर पक्का निर्णय, अशी शिस्त ठेवा. प्रशिक्षकांनी वेगळे आकडे सांगितले तर तेच पाळा. त्यानंतर थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचा प्रवाह, लागले तरी मोह आवरा, कारण कमी उंचीवर, कमी वेगात वळताना ग्लायडर स्टॉल होऊन (पंखांची उचल एकाएकी घटून) स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत खाली, गेला, तर सावरायला उंचीच उरत नाही.

विजेच्या तारा वरून जवळजवळ दिसत नाहीत. खांब शोधा आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असे धरून चाला. भिवंडीजवळच्या पडघ्याच्या बाजूला गेलात, तर उच्चदाबाचे मनोरे दुरून किती ठळक दिसतात आणि तारा किती पुसट, हे मुद्दाम पाहा. आपल्याकडची भातखाचरे वरून सपाट भासतात, पण बांधांमुळे ती धोकादायक असतात. चढ स्पष्ट जाणवत असेल, तर हलका वारा पाठीमागून असला तरी चढाच्या दिशेनेच उतरा.

उतरल्यावर केंद्राला कळवा आणि पिकाच्या नुकसानीविषयी शेतकऱ्याशी आपणहून बोला.